कॉफीचं जातं

मराठी घरात चहा हा घरचा माणूस आणि कॉफी ही पाहुणी. ती यायची आजारपणात, परीक्षेच्या जागरणाला, नाहीतर व्याही मंडळी आल्यावर. तीसुद्धा दुधात उकळून, वर जायफळ लावून. तिचं पीठ कोण दळतं, कसं दळतं, ही चौकशी आपण कधी केली नाही. हल्ली मात्र आमच्या सोसायटीतले दोन-तीन पेन्शनर सकाळी गॅलरीत एक नळकांडं पोटाशी धरून गरागरा हँडल फिरवताना दिसतात. परीक्षण नाटकाचं होतं, पुस्तकाचं होतं; मग रोज उठून जिला कवटाळावं लागतं, त्या वस्तूचं का होऊ नये?

पहिला आक्षेप ठरलेला: ‘घरात मिक्सर असताना हे कशाला?’ तर मिक्सरचं पातं दळत नाही, कापतं. त्यातून थोडं पीठ निघतं, थोडे तुकडे. पिठातून कडवटपणा जास्त उतरतो, तुकड्यांतून नीट काही उतरतच नाही, आणि एकाच कपात दोघांचं भांडण प्यावं लागतं. हातजात्यात एक दातेरी कडं आणि त्याच्या आत फिरणारा दातेरी शंकू. दोघांमध्ये जेवढी फट, तेवढा दाणा. शिवाय बी फुटली की तिचा वास उडायला लागतो, म्हणून पिण्याआधी दळायचं.

फट किती ठेवावी, हे सांगायला साहेबी भाषेत आकडे आहेत. आपल्याला त्यांची गरज नाही. दांड्याने गाळ खाली दाबायच्या काचेच्या भांड्यासाठी लापशीचा रवा, मद्रासी पितळी फिल्टरसाठी बारीक रवा, एस्प्रेसोसाठी जवळजवळ पीठ आणि तुर्की कॉफीसाठी मैदा. ज्या भाषेत भरड, कणी, रवा, पीठ असे शब्द आहेत, तिने कॉफीपुढे बिचकू नये.

आता नग पाहू. पहिला, खाली खण असलेली लाकडी पेटी. घराणं मोठं: मोटारवाल्या प्यूजोंनी १८४० साली कॉफीची गिरणी काढली, पहिली मोटार १८८९ साली, म्हणजे आधी दळण, मग दळणवळण! पण आज नुसत्या शोभेसाठी होणाऱ्या पेट्या शोकेसमध्येच ठेवाव्यात. दुसरा, काचेची बरणी आणि चिनीमातीचे दाते. ते गंजत नाहीत, पण पडले तर फुटतात; आणि स्वस्त नगात आस फक्त वरून धरलेला असतो, त्यामुळे भरड दळताना शंकू डुगडुगतो. तिसरा, पोलादी नळकांडं. आसाला वर-खाली दोन बेअरिंगं, फट बदलताना टिकटिक. महाग, पण कामाला चोख.

दुकानात लाकूड, पितळ, रंग पाहू नका. हँडल धरून हलवा. ही परीक्षा माझी नव्हे, आईची. ती नव्वदीच्या घरात आहे. एका शेजाऱ्यांनी तीन महिने अभ्यास करून आणलेली बरणी तिला कौतुकाने दाखवली. तिने हँडल एकदाच हलवलं आणि म्हणाली, “अहो, मेख ढिली आहे याची. एकीकडून पीठ पडेल, एकीकडून कणी.” शेजारी गप्प. पुढे मी पोलादी नग आणला, तर आतल्या खोलीतून हाक आली, “अरे, रिकामं फिरतंय तुझं. वैरलंस का काही?” हँडल हलकं झालं, आवाज बदलला, की दाणे संपले, हे माहितीपत्रकात नव्हतं.

वापराचे नियम थोडे. आत दाणे असताना फट आवळू नये, जातं अडकतं. दाण्यांना पाण्याचं एक बोट लावलं की भुगा भांड्याला चिकटत नाही. पोलादी दाते धुवायचे नाहीत, ब्रशने झाडायचे. आणि कोणत्याही वहिनींनी “भावोजी, यात मिरी निघेल का हो?” विचारलं, तर नम्रपणे नाही म्हणावं. निघेल, पण मग आठवडाभर काढ्याच्या वासाची कॉफी प्यावी लागेल.

माझा खरा आक्षेप जात्यावर नाही, दळणाऱ्यावर आहे. आई पहाटे उठून चौदा माणसांचं दळण दळायची. ‘काय सुरेख रवाळ पडलंय!’ असं तिला कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. इथे वीस ग्रॅम दळून झाले, की गृहस्थ घाम पुसत दिवाणखान्यात येऊन दाद मागतात. तिचं ते काम आणि यांचा हा छंद! हातजातं जरूर घ्यावं, कॉफी खरोखर वेगळी लागते. पण पहिला कप तिला द्यावा, आणि ओट्यावर सांडलेला भुगा आपणच पुसावा. जात्याभोवतीचं पीठ झाडून घेतल्याशिवाय आई कधी उठली नाही.