फलज्योतिषाची चाचणी : काय ठरले, काय नाही

डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह 2008 मध्ये महाराष्ट्रात घेतलेली फलज्योतिषाची चाचणी अनेकांना आठवत असेल. तिच्यावरील निबंध 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. परिकल्पनांची तपासणी शिकवण्यासाठी इतके जवळचे उदाहरण क्वचितच मिळते. मात्र तिचा निष्कर्ष वर्गात बहुधा चुकीच्या शब्दांत सांगितला जातो.

प्रथम चाचणीची रचना पाहू. 100 हुशार विद्यार्थी आणि 100 बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले यांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी 40 देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे विचारले. शून्य परिकल्पना अशी : कुंडली पाहून दिलेले उत्तर आणि नाणे उडवून दिलेले उत्तर यांत फरक नाही, म्हणजे सरासरी 20 उत्तरे बरोबर येतील. पर्यायी परिकल्पना : ज्योतिषी याहून सरस ठरतील. उत्तरे हाती येण्यापूर्वीच दावा नेमका केला होता, हे या कामाचे मोठे बळ आहे.

27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी 17.25, सर्वाधिक 24. आता, नुसत्या नाणेफेकीने 26 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 4 टक्के असते. तिथपर्यंत कोणीही पोचले नाही. एका संस्थेने सर्व 200 कुंडल्या तपासल्या. त्यांपैकी 102 उत्तरे बरोबर आली. शून्य परिकल्पना नाकारण्यास आधार मिळाला नाही.

यावरून 'ज्योतिष खोटे असल्याचे सिद्ध झाले' असे म्हणणे योग्य नाही. परिकल्पना नाकारता आली नाही, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. समजा, एखाद्याला खरोखरच 60 टक्के कुंडल्या ओळखता येतात. 40 मध्ये त्याची अपेक्षित बरोबर उत्तरे 24 च होतील आणि तो बहुधा निसटून जाईल. 40 ची चाळण भरड आहे. 200 ची बारीक आहे : तेथे 51 टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे 7 टक्क्यांची अनिश्चितता राहते. त्या संस्थेचे कौशल्य 58 टक्क्यांहून फारसे अधिक असणे संभवत नाही. कुंडली पाहून लग्ने मोडणाऱ्यांच्या खात्रीशी हा आकडा ताडून पाहावा.

पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. तो पुरावा या चाचणीत मिळाला नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे. तेवढे पुरेसे आहे.