नाट्यशिक्षणाचीं माहितीपत्रकें

ग्रंथपरीक्षणाच्या या पानांत, ज्यांस ग्रंथ म्हणतां येणार नाहीं अशा पांच चोपड्यांचा विचार आज आम्ही करणार आहों, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. चोपड्या आमच्या हातीं आल्या त्या अशा. आमच्या एका स्नेह्यांची कन्या यंदा बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि पुढें शिकेन तर अभिनयच शिकेन, असें तिनें घरांत जाहीर केलें. वडिलांनीं आयुष्यांत नाटकें पुष्कळ पाहिलीं आहेत. परंतु नाटक पाहणें निराळें आणि घरांतील मुलगी नाटकांत जाणें निराळें, हा भेद आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या अंगीं अद्यापि चांगला मुरलेला आहे. अखेर बापलेकींत तह झाला तो असा कीं, 'पदवी' मिळत असेल तर जावें, आणि कोठें जावें हें आम्हीं सांगावें. दुसऱ्याच दिवशीं ती मुलगी पांच संस्थांचीं माहितीपत्रकें, कांहीं छापील, कांहीं संगणकावरून उतरवून घेतलेलीं, आमच्या टेबलावर ठेवून गेली. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची चित्रपटसंस्था, पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकॅडमी आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा नाट्यविभाग, अशा त्या पांच संस्था होत.

या जातीचें लेखन आम्हीं यापूर्वींहि वाचलें आहे. पुढें जें लिहितों तें त्या साऱ्या जातीविषयीं आहे, या पांचांपैकीं कोणा एकीविषयीं नव्हे. या वाङ्मयाचा स्थायी रस अद्भुत होय. प्रारंभीं इमारतीचें चित्र, मग नाटकांतील एखादा झगझगीत प्रवेश, आणि त्यानंतर येथें शिकून गेलेल्या कीर्तिमंत नटनटींची नामावळी. वाचणारें अठरा वर्षांचें मूल त्या नामावळीपाशीं थांबतें, आणि पुढचीं पानें उलटतें तीं केवळ बोटांनीं.

या नामावळीनें सिद्ध काय होतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. जी संस्था देशभरांतून मोजकींच मुलें निवडून घेते, तिच्यांतून चांगले नट बाहेर पडले तर त्यांतील किती श्रेय निवडीचें आणि किती शिक्षणाचें? नसिरुद्दीन शाह आणि ओम पुरी हे दोघेहि प्रथम दिल्लीच्या विद्यालयांत आणि नंतर पुण्याच्या चित्रपटसंस्थेंत शिकले. त्यांचीं नांवें दोन्ही घरच्या मंडळींनीं आनंदानें सांगावीं, पण वांटणी कशी करावयाची? उलटपक्षीं डॉ. श्रीराम लागू कोणाच्याच नामावळींत नाहींत. ते पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निघालेले कानानाकाघशाचे शल्यविशारद. १९७० सालीं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांच्यापाशीं अभिनयाचा कागद एकहि नव्हता. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या ललित कला केंद्रांत आज अभिनयाची पदवी मिळते, त्याचे १९९६ पासून २००९ पर्यंत प्रमुख असलेले सतीश आळेकर स्वतः जीवरसायनशास्त्राचे पदवीधर!

यावरून पदव्या निरर्थक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें आमच्या पोटावरच पाय आणणारें होईल. आम्ही म्हणतों तें एवढेंच कीं, नामावळी हा शिक्षणाचा पुरावा नव्हे. ती बाजूला सारून आम्हीं त्या मुलीस प्रवेशाच्या अटींचें पान वाचावयास सांगितलें. तें तिनें वाचलेंच नव्हतें. वडिलांनींहि वाचलें नव्हतें. दिल्लीच्या विद्यालयास पदवीधर विद्यार्थी लागतो, आणि तोहि रंगभूमीवर प्रत्यक्ष काम केलेला. पुण्याच्या चित्रपटसंस्थेचा अभिनयाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा. मुंबईचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमहि पदव्युत्तर. म्हणजे पांचांतील तीन दारें या मुलीस आज उघडींच नव्हतीं, आणि तिनें रात्रीं उशाशीं ठेवलीं होतीं तीं नेमकीं तींच तीन माहितीपत्रकें. तिचा चेहरा उतरला तो पाहून आम्हांस वाईट वाटलें. परंतु अर्ज परत येऊन तो उतरण्यापेक्षां हें बरें.

वडिलांच्या 'पदवी'च्या आग्रहाचीहि येथेंच परीक्षा झाली. राष्ट्रीय नाट्य विद्यालय संगीत नाटक अकादमीनें १९५९ सालीं काढलें व १९७५ पासून तें स्वतंत्र झालें. पुण्यांत जन्मलेले आणि लंडनच्या राजकीय नाट्यशाळेंत शिकलेले इब्राहिम अल्काझी यांनीं १९६२ ते १९७७ या काळांत त्यास जी शिस्त लावली, तिच्यामुळें त्याचें नांव झालें. पण हें विद्यालय पदवी देत नाहीं, तीन वर्षांनंतर पदविका देतें. २००५ सालीं त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. तो विद्यालयाच्याच विनंतीवरून २०११ सालीं काढून घेण्यांत आला. देशांतील सर्वांत मानाच्या नाट्यशाळेनें हातीं आलेला पदवीचा अधिकार परत करावा, आणि आम्हीं मात्र पदवीसाठीं मुलीशीं तह करावेत, यांतील विसंगति आमच्या स्नेह्यांस फारशी रुचली नाहीं. त्यांनीं चहा मागविला.

आतां माहितीपत्रकांत जें असावयास पाहिजे आणि बहुधा नसतें त्याकडे वळूं. भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्याची सोय छायाचित्रांत दिसते. आंगिकासाठीं व्यायाम, योग, युद्धकला इत्यादि विषय छापलेले असतात. सात्त्विकाची जाहिरात करतां येत नाहीं, हें त्याचें भाग्यच. परंतु वाचिक? विद्यार्थी कोणत्या भाषेंत बोलणार, त्याची वाणी रोज कोण ऐकणार, एका वर्गांत किती मुलें आणि वर्षांत किती प्रयोग, यांविषयीं माहितीपत्रकें मौन धरतात. आमच्या मतें शाळा निवडण्याची खरी कसोटी हीच आहे. बाकी सारें मागाहून पाहावें.

हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत माणदेशाकडील एक विद्यार्थी होता. आवाज खणखणीत, आणि बोलण्यांत तिकडच्या मातीचा असा कांहीं हेल कीं, साधें 'काय वो' म्हणाला तरी सभागृह सांवरून बसे. त्यास आम्हींच परप्रांतांतील एका संस्थेंत धाडलें; शिफारसपत्र लिहिलें, आणि तेंहि केवळ नामावळी पाहून. दोन वर्षांनीं सुट्टींत आला तेव्हां आमच्या आग्रहावरून त्यानें एक स्वगत म्हणून दाखविलें. हालचाल डौलदार झाली होती, श्वास लांबला होता. पण 'ळ' बोथट झाला होता, 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन निराळे च एकाच सांच्यांतून निघत होते, आणि तो हेल समूळ गेला होता. विचारलें तर म्हणाला, "सर, तो गांवठीपणा पहिल्या सहामाहींतच काढून टाकला." दोष त्याचा नव्हता, त्या संस्थेचाहि म्हणवत नाहीं, कारण तिला मराठी नट घडवावयाचाच नव्हता. दोष आमचा. तेथें शिकवितात कोणत्या भाषेंत, एवढें साधें आम्हीं विचारलें नाहीं. तो आज एका गांवीं शिक्षक आहे आणि दरसाल मुलांचें नाटक बसवितो. आम्हांस बोलावतो, आम्ही गेलों नाहीं.

कोणी म्हणेल, रोहिणी हट्टंगडी दिल्लीसच शिकल्या, त्यांची मराठी कोठें बिघडली? आक्षेप रास्त आहे. त्यांचें उत्तर असें कीं, जो आपली भाषा तोंडांत पक्की करून जातो तो दुसरी भाषा मिळवून येतो. जो कच्ची घेऊन जातो तो दोन्ही अर्ध्या घेऊन येतो. दिल्लीच्या विद्यालयांत मुख्यतः हिंदींत काम चालतें. तेथें पदवी आणि रंगभूमीचा अनुभव मागतात, ती अट अडवणूक म्हणून न पाहतां सवड म्हणून पाहावी.

पूर्वीं ही सवड नाटक मंडळ्या देत. गणपतराव जोशी शाहूनगरवासी मंडळींत घडले. बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत गेले, ते कोणतें माहितीपत्रक वाचून नव्हे. तथापि त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनीं त्याच बिऱ्हाडांत पाणी भरणारीं, मार खाणारीं आणि आवाज फुटतांच रस्त्यावर आलेलीं मुलेंहि आठवावींत. आज त्या तालमींची जागा कांहीं अंशीं महाविद्यालयीन एकांकिकांनीं घेतली आहे. पुण्याची पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा १९६३ पासून चालते. तिच्यांत पावसाळ्यांतल्या रात्री घालविलेलीं मुलें पुढें मराठी रंगभूमीवर किती आलीं, याची नामावळी कोणी छापली तर ती मात्र आम्ही आदरानें वाचूं.

उरलीं दारें दोन. १९८७ सालीं स्थापन झालेल्या ललित कला केंद्रांत नाट्य, संगीत व नृत्य एकाच आवारांत गुरुकुलाच्या पद्धतीनें शिकवितात आणि बारावीनंतर प्रवेश मिळूं शकतो. भोंवतालची भाषा मराठी. बडोद्याचें नाट्यशिक्षणहि बारावीनंतरचें. सयाजीराव महाराजांच्या कलाप्रेमाचा वारसा त्यामागें आहे, आणि बडोदें मराठी माणसास परकें नाहीं. पण रंगमंचावर तेथें मराठी किती बोलावयास मिळेल, हें पत्र घालून विचारावें लागेल. तिसरा मार्ग, साध्या महाविद्यालयांत पदवी घेत एकांकिका करावयाच्या आणि तीन वर्षांनीं दिल्लीचा अर्ज भरावयाचा. वडिलांस हा तिसरा आवडला. मुलीस आवडला नाहीं. "काका, तीन वर्षें मी दुसरें कांहीं शिकत असल्याचें सोंग करूं?" असें तिनें विचारलें, आणि सोंगाविषयीं आक्षेप नटीनें घ्यावा, असा विनोद आमच्या ओठांवर आला होता तो आम्हीं गिळला.

कागदावरून निर्णय होईना, तेव्हां आम्ही तिघे यांपैकीं एका ठिकाणीं, परवानगी काढून, तालीम पाहावयास गेलों. खोली साधी होती, पंखा कुरकुरत होता. एक मुलगी दारांतून आंत येऊन एवढेंच म्हणत होती, "बाबा झोपले का?" शिकविणाऱ्या बाईंनीं तिला अकरा वेळां परत पाठविलें. कधीं 'झो' लांबला म्हणून, कधीं प्रश्न दाराला विचारला म्हणून. बाराव्या खेपेस बाई कांहीं बोलल्या नाहींत. आमचे स्नेही खुर्चींत पुढें सरकून बसले होते. परततांना गाडींत त्यांनीं मुलीला विचारलें तें पदवीविषयीं नव्हे. त्या बाई आठवड्यांतून किती दिवस शिकवितात, हें विचारलें. तें माहितीपत्रकांत नव्हतें. मुलीनें उद्यां फोन करून विचारतें म्हणून सांगितलें. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत होती.