दात जुळले की तब्येत सुधारते? एक दावा, कडी-कडीने

दंतवैद्यकावरच्या माहितीपत्रकांत, शिबिरांच्या फलकांवर आणि कितीतरी प्रबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: वरचे-खालचे दात नीट जुळले की चावणं सुधारतं, चावणं सुधारलं की पचन सुधारतं आणि पचन सुधारलं की एकूण आरोग्य. वाक्य इतकं सरळ आहे की त्याच्याकडे पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. आज मागू या.

हेच वाक्य जव्हार-मोखाड्यात नेलं की त्याचं वजन वाढतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हापासून हा भाग म्हटलं की कुपोषण आठवतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. अशा ठिकाणी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला एक शीर्षक फार मोहात पाडतं: ‘आश्रमशाळेतील मुलांच्या दातांची सदोष ठेवण आणि पोषणस्थिती यांचा संबंध’. मुलं एका जागी मिळतात, आरसा आणि मोजपट्टी पुरते, आकडे लवकर जमतात. पण हा प्रस्ताव लिहिण्याआधी त्या वाक्याच्या कड्या सुट्या करून बघा.

पहिली कडी: ठेवण आणि चावणं

ही सगळ्यांत मजबूत कडी. प्रयोगात माणसाला सिलिकॉनसारख्या पदार्थाचे तुकडे देतात, ठरावीक वेळा चावायला लावतात, मग चोथा बाहेर काढून चाळण्यांतून गाळतात. कण जितके बारीक, तितकं चावणं चांगलं. इंग्लिश, बुशांग आणि थ्रॉकमॉर्टन यांच्या २००२ च्या अभ्यासात नीट जुळलेल्या दातांच्या तुलनेत कणांचा आकार वर्ग १ च्या दोषात सुमारे ९ टक्के, वर्ग २ मध्ये १५ टक्के आणि खालचा जबडा पुढे असलेल्या वर्ग ३ मध्ये ३४ टक्के मोठा निघाला. २०१० च्या एका पद्धतशीर आढाव्यानेही दिशा हीच सांगितली.

म्हणजे दावा सिद्ध? थांबा. ही तुलना उपचार न घेतलेल्या माणसांमधली आहे. ‘दोष असला की चावणं कमी पडतं’ हे एक विधान, आणि ‘दोष काढला की ते परत मिळतं’ हे दुसरं. दुसऱ्यासाठी उपचाराआधीची आणि नंतरची मापं लागतात, तीही पुरेशा काळाची. त्याच आढाव्यात गंभीर दोषांवरच्या शस्त्रक्रियेचा परिणाम पाच वर्षांनंतरच मोजता आला, असं म्हटलंय. शिवाय प्रयोगात चावे मोजून दिलेले असतात. घरी जेवताना कोण मोजतं? ज्याचं नीट दळलं जात नाही तो चार चावे जास्त चावतो, नाहीतर जरा मोठा घास गिळतो. त्यामुळे चाळणीतला फरक ताटातही तेवढाच राहील, असं गृहीत धरता येत नाही.

दुसरी कडी: चावणं आणि पचन

इथे १९५६ चा फॅरेल यांचा प्रयोग वाचाच. त्यांनी चावलेलं आणि न चावलेलं अन्न जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरून लोकांना गिळायला दिलं आणि पिशव्या बाहेर पडल्यावर आत काय उरलं ते पाहिलं. काही मांस आणि भाज्या न चावता गिळल्या तर शिल्लक राहत होत्या. पण भात, पाव, अंडी, मासे, चीज हे न चावताही पचत होतं. आणि जिथे चावणं लागत होतं, तिथेही थोडंच पुरत होतं.

आता जव्हारच्या घरातलं ताट डोळ्यांपुढे आणा. नागलीची भाकर, भात, वरई, उडदाचं वरण. पीठ गिरणीतून दळून आलेलं, बाकीचं शिजून मऊ झालेलं. दाढांचं बरंच काम आधीच उरकलेलं असतं. अशा जेवणात दातांच्या ठेवणीमुळे पोषण अडतं असं म्हणायचं, तर ते याच जेवणावर दाखवावं लागेल. सिलिकॉनच्या तुकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

तिसरी कडी: तोंड आणि वजन

इथे आपल्या विषयाच्या जवळचा पुरावा ठेवणीबद्दल नाही, किडीबद्दल आहे. बेन्झियन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फिलिपिन्समधल्या १२ वर्षांच्या मुलांत पाहिलं की किडून संसर्ग झालेले दात असलेल्या मुलांत कमी वजनाचं प्रमाण जास्त होतं. मात्र हे एकाच वेळी घेतलेलं चित्र होतं. त्यावरून कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे कळत नाही. मग सौदी अरेबियात अल्करीमी आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक चाचणी केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान मुलांच्या किडीवर उपचार केले. सहा महिन्यांनी दुखणं कमी झालं होतं, भूक सुधारली होती, पण वजन-उंचीत ठळक फरक नव्हता.

नीट बघा. ठणकणारा, पू झालेला दात बरा करूनही सहा महिन्यांत वजन हललं नाही. मग न दुखणाऱ्या, फक्त वाकड्या दाताला तार लावून ते हलेल असं म्हणणाऱ्याकडे भक्कम कारण हवं.

मापपट्टी कशाची?

अशा प्रबंधांत डेंटल इस्थेटिक इंडेक्स, म्हणजे डीएआय, सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत तो होता, म्हणून तो निवडणं सुरक्षित वाटतं. पण त्याचा उगम बघा. १९८६ मध्ये तो अमेरिकेत तयार झाला, दातांची छायाचित्रं पाहून तिथल्या लोकांनी दिलेल्या पसंतीच्या गुणांवरून. त्याच्या दहा घटकांपैकी दाढांच्या ठेवणीचा घटक एकच. मागच्या दाढा आडव्या दिशेने चुकीच्या बसत असतील तर तो नोंदवतच नाही. दळायचं काम दाढांचं, आणि मापपट्टी पाहते मुख्यतः पुढचे दात. चावण्यावर बोलायचं असेल तर हे माप चुकीचं आहे. आणि वारली किंवा कातकरी मुलाला ‘उपचाराची गरज आहे’ असं त्यावरून लिहिलं, तर ती गरज मुळात कुणाच्या नजरेतली, हेही लिहायला हवं.

मग तारेचा उपयोगच नाही?

आहे, आणि तो नेमका सांगितला तर पटतोही. वरचे दात फार पुढे आलेल्या मुलांत लवकर उपचार केले तर पडून दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं, असं कॉक्रेनचा २०१८ चा आढावा सांगतो. फाटलेल्या टाळूच्या मुलांना तर हा उपचार लागतोच. हिरड्यांचं मात्र उलट आहे. २००८ च्या आढाव्यात उपचार घेतलेल्यांत हाडाची झीज सरासरी ०.१३ मिलिमीटर जास्त निघाली. फरक किरकोळ आहे, पण तो फायदा नक्कीच नाही. मानसिक लाभाबद्दल कार्डिफचा अभ्यास वाचा. १९८१ मध्ये ११-१२ वर्षांची १,०१८ मुलं घेतली. वीस वर्षांनी त्यांतली ३३७ जणं पुन्हा तपासता आली. लहानपणी गरज असूनही उपचार न मिळालेल्यांना मोठेपणी मानसिक त्रास झाल्याचं दिसलं नाही. दोन तृतीयांश माणसं वाटेत गळाली, हेही टिपून ठेवा.

खर्चाची बाजू तर उघडच आहे. २०१६ च्या आढाव्यानुसार पूर्ण उपचाराला सरासरी वीसेक महिने आणि अठराएक भेटी लागतात. मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अठरा भेटी बसवायच्या कुठे? अर्ध्यात सुटलेल्या तारेभोवती अन्न अडकतं आणि चांगले दातही किडायला लागतात.

मग प्रश्न काय विचारायचा?

एक धागा या भागाला खरोखर लागू पडतो. दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ व्या वर्षी पडतात. त्या आधीच किडून गेल्या तर सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा जाते आणि गर्दी होते. म्हणजे आज ‘सदोष ठेवण’ म्हणून मोजले जाणारे काही दात कालच्या किडीचे परिणाम असतात. तेव्हा मुलाची तपासणी करताना वेळेआधी गेलेल्या दुधाच्या दाढा वेगळ्या नोंदवा. किडीचे परिणाम मोजायला २०१० चा पुफा निर्देशांक आहे. मूल कोणत्या बाजूने चावतं, काय खायचं टाळतं, रात्री दात ठणकतो का, हे त्याला आणि त्याच्या आईला विचारा. दुधाची दाढ वेळेवर वाचवली तर चावणंही टिकतं आणि पुढची ठेवणही, तेही तारेच्या कितीतरी कमी खर्चात.

शेवटचा मुद्दा संमतीचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासी आणि मुलं दोन्ही असुरक्षित गटांत येतात. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे, आणि पालक भट्टीवर असतील तर ती घ्यायला तिथवर जावं लागेल. तपासणीत पू झालेला दात सापडला तर त्या मुलाला उपचारासाठी कुठे पाठवणार, तेही प्रस्तावातच लिहा. नाहीतर तुम्हाला पदवी मिळेल आणि मुलाचा दात तसाच ठणकत राहील.

प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवा: माझा अभ्यास या साखळीतली कोणती कडी तपासतो? उत्तर ‘सगळ्याच’ आलं, तर पान फाडून पुन्हा लिहा.