टाळी कशाला पडली?

‘लोकांना हेच लागते’ असे चित्रपट काढणारा म्हणतो, आणि ‘ते हेच दाखवतात, आम्ही काय करणार?’ असे पाहणारा म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतात. फराळाचे ताट पुढे असताना हा जुना वाद घरोघर निघतोच. तेव्हा तो एकदा मुळापासून पाहिलेला बरा.

बीडहून अंबाजोगाईकडे जाताना लागणारे केज घ्या. कोरडवाहू शेतकरी, बाजाराच्या दिवशी येणारा गडी, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघणारे ऊसतोड्यांचे बिऱ्हाड, हा या तालुक्याचा प्रेक्षक. अशा प्रेक्षकाचे करमणुकीच्या धंद्याशी जुने नाते आहे ते जत्रेतल्या तमाशाचे. तिथे प्रेक्षक मुका नसे. गण-गौळण आटोपली की बतावणीत सोंगाड्या त्या गावचा पुढारी, त्या सालचा दुष्काळ, त्या दिवसाचा बाजारभाव ओढून आणी. टाळी कशाला पडली आणि कशाला नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळे. पुढच्या गावी विनोदाची धार त्याप्रमाणे बदले. फड प्रेक्षकाला घडवी आणि प्रेक्षक फडाला. आणि हे सारे समोरासमोर चाले.

पुढे चित्रपटाने तमाशा उचलला. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने लावणीला पडद्यावर मानाची जागा दिली. मग १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्याची कथा आठवून पाहा. गावच्या पाटलाने एका घराची धूळधाण केलेली असते. त्या घरातली मुलगी तमाशात वाढते आणि अखेर बोर्डावर उभी राहून, साऱ्या गावादेखत, तीच हकीकत वगातून सांगते. चित्रपटाचे नावच मुळी ‘ऐका’ असे बजावते. तमाशाचे खरे बळ, म्हणजे बलवंताच्या तोंडावर सत्य बोलण्याची सोय, त्या कथेच्या गाभ्यात होते.

पण तिकिटाचा गल्ला माणसे मोजतो, कारणे मोजत नाही. प्रेक्षक त्या मुलीच्या धिटाईसाठी परत परत गेला की आशाबाईंच्या आवाजातल्या बुगडीच्या लावणीसाठी, हे गल्ल्यावरून कसे कळावे? धंद्याने सोयीचे तेवढे उत्तर उचलले. पुढच्या कित्येक तमाशापटांत लावणी राहिली, फेटा राहिला, मिशीला पीळ देणारा पाटीलही राहिला; त्या पाटलाला गावादेखत जाब विचारणारा वग मात्र पातळ होत गेला.

आणि मग चक्र उलटे फिरले. पडद्यावरच्या लावण्या ऐकून आलेला प्रेक्षक तंबूत बसून त्याच गाण्यांची फर्माईश करू लागला. फडमालक तरी काय करील? पोट हातावर. वग आखडला, सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम लांबला. ज्या तमाशाने चित्रपटाला लावणी दिली, त्यालाच आपली गाणी चित्रपटाकडून उसनी घ्यावी लागली! इथे एकट्या निर्मात्याला दोष देता येणार नाही. फर्माईश आपलीच होती.

ही जुनी कथा झाली असे कोणी म्हणेल. पण नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा काय झाले? ‘झिंगाट’ लागले की थिएटरात पोरे उठून नाचत. आणि शेवटी रक्ताने माखलेली ती इवली पावले दिसली की तेच थिएटर चिडीचूप होई. त्या दोन्ही क्षणांत प्रेक्षक खरा होता. मंजुळ्यांनी त्याला आधी नाचवले आणि मग जातीच्या प्रश्नापुढे उभे केले; म्हणजे प्रेक्षकाला हलकेच लागते, हा समज त्यांनी खोटा पाडला. पुढे मात्र वरातीत गाणे आले आणि शांतता थिएटरातच राहिली. २०१८ साली निघालेल्या ‘धडक’ या हिंदी अवतारातही गाणे आले, पण जातीचा काच पुष्कळसा सैल झाला. धंद्याने जसे निवडून घेतले, तसेच आपणही घेतले.

म्हणून मला वाटते, अभिरुची घसरली अशी नुसती ओरड व्यर्थ आहे. अभिरुची दोघांच्या देवघेवीतून होते, आणि या देवघेवीत आपली बाजू मुकी पडली आहे. आज फोनवर चित्रे पाहणाऱ्या केजच्या पोराचीही कोणते चित्र किती वेळ पाहिले याची नोंद होते. का पाहिले, हे त्याला कोणी विचारत नाही. तो ज्या घरातला आहे त्या घराची, फडातल्या कोपीत हिवाळा काढणाऱ्या आईबापांची गोष्ट पडद्यावर क्वचितच येते. आणि आली तर ती त्याला आवडली की नाही, हे केवळ आकड्यावरून ठरते.

तेव्हा या दिवाळीत घरच्या मंडळींसह एखादा चित्रपट पाहिलात, तर घरी परतताना ‘छान होता’ म्हणून थांबू नका. काय छान होते, आणि काय खोटे वाटले, हे मुलांसमोर बोला. चार ठिकाणी ऐकू जाईल असे बोला. टाळी वाजवणाऱ्याने ती कशासाठी हे सांगितले नाही, तर दुसरा कोणीतरी आपल्या सोयीने सांगतो. आणि पुढचा खेळ त्याच सांगण्यावर उभा राहतो.