बदल्यांचा हंगाम

आयपीएलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा प्रदेश भारतात एकच आहे, आणि तो म्हणजे जव्हार-मोखाडा. मुंबईकरांना क्रिकेट कळतं, हे मान्य. पुणेकरांना सगळंच कळतं, हेही मान्य. पण बदली? बदली कळावी ती आम्हालाच. साहेबाचं डोकं फिरलं की तो हाताखालच्या माणसाला विचारतो, "टाकू का मोखाड्याला?" पूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलो. जिल्हा बदलला, धमकी तीच राहिली.

इथं रुजू होणारा मनुष्य पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करतो आणि दुसऱ्या दिवशी परत जाण्याचा अर्ज लिहायला घेतो. अस्मादिकांनी असे अर्ज लिहिता लिहिता जव्हारचे बावीस पावसाळे काढले. आता अर्जाचा मसुदा इतका सुरेख जमलाय, की नवीन आलेले लोक माझ्याकडून नक्कल करून नेतात आणि सहा महिन्यांत वसईला जातात. तात्पर्य, या विषयातला माझा अभ्यास दांडगा आहे.

नोव्हेंबर लागला की एस.टी. स्टँडाजवळच्या टपरीवर संघांच्या याद्यांचं वाचन सुरू होतं. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोण कुठं गेलं. श्रोतृवर्ग तिघांचा. मी, पोस्टातले एक हळवे गृहस्थ, आणि मोखाड्याच्या पलीकडल्या एका पाड्यावर शिकवणारे गुरुजी. गुरुजी फक्त शनिवारी येतात आणि फारसं बोलत नाहीत. पोस्टातले गृहस्थ ती कसर भरून काढतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला गेला, तेव्हा या गृहस्थांच्या घशाखाली भजी उतरेना. "अहो, २०२३ च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर सिक्स आणि फोर मारून ज्यानं कप दिला, त्याला असं?" मी म्हटलं, यात 'असं' काय आहे? ही शुद्ध आपसी बदली. त्याला तिकडं जायचं, याला इकडं यायचं. आमच्याकडे एवढंच अवघड होतं, कारण इकडं यायचं असलेला मनुष्य शोधण्यात उमर जाते. राजस्थाननं मात्र जडेजाबरोबर सॅम करनही पदरात पाडून घेतला. जडेजाचे अठरा कोटींचे चौदा झाले. पगार असा खाली आला तर आमच्याकडे माणूस कोर्टात जातो. जडेजा राजस्थानात गेला, जिथं २००८ साली तो पहिल्यांदा रुजू झाला होता. माझं मत विचाराल तर सौद्यात राजस्थान सरस ठरलं. धोनीनंतर स्टंपांमागं कोण, ही चेन्नईची काळजी खरी. पण फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण अशी तीन टेबलं एकट्यानं सांभाळणारा मनुष्य ज्या कचेरीनं सोडला, तिथं पुढं फायली तुंबतात, हा अनुभव आहे.

दुसरा प्रकार प्रशासकीय बदलीचा. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातहून मुंबईला परत आला आणि पुढच्याच महिन्यात रोहित शर्माच्या जागी कप्तान झाला. म्हणजे पाच करंडक आणून देणारा हेडक्लार्क त्याच खोलीत बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर बाहेरून साहेब! २०२४ च्या हंगामात वानखेडेवर लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. मुंबई दहा संघांत दहावी आली. त्याच वर्षी २९ जूनला बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात सोळा धावा राखायच्या होत्या. चेंडू हार्दिकच्या हातात होता, आणि आपण सात धावांनी जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. लोक म्हणजे काय विचारता! बदलीचा हुकूम निघतो वरून, आणि थंड चहा मिळतो नव्या साहेबाला. कप्तान बदलायची ती पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती, पण हुर्यो उडवायचीच होती तर हुकूम काढणाऱ्यांची उडवायची. येणाऱ्यानं काय घोडं मारलं होतं?

तिसरी विनंती बदली. यशस्वी जैस्वालनं २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितलं आणि मे महिन्यात अर्ज मागे घेतला. यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. आमच्याकडे मे महिन्यात असे अर्ज पोत्यानं येतात आणि पोत्यानं मागे जातात. विरारला वाढलेला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, पृथ्वी शॉ मात्र त्याच वर्षी खरोखरच मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. २०१३ साली शाळेच्या सामन्यात पाचशे शेहेचाळीस, २०१८ साली पहिल्याच कसोटीत एकशे चौतीस, आणि मग नुसती हुरहूर! नव्या संघाकडून त्यानं चंडीगडविरुद्ध २२२ केल्या. जागा बदलल्यानं स्वभाव बदलतो असं नाही, पण मागच्या साहेबांनी लिहिलेले शेरे निदान नजरेआड होतात.

आणि शार्दूल ठाकूर? हा तर पालघरचाच. किटबॅग खांद्याला लावून गाडीनं मुंबई गाठणारा. आयपीएलमध्ये पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, पुन्हा चेन्नई, लखनौ आणि २०२६ साठी मुंबई. इतक्या बदल्या मामलेदाराच्याही होत नाहीत. २०२४ च्या लिलावात कोणी बोलीच लावली नाही. पुढं एकजण जायबंदी झाला म्हणून लखनौनं याला बोलावलं, म्हणजे चक्क बदली कामगार! ब्रिस्बेनला २०२१ साली सदुसष्ट धावा आणि सामन्यात सात बळी घेणारा हा मनुष्य. पण असतात काही माणसं अशी. मार्चअखेर आली की सगळ्यांना हवी असतात, आणि कायम करायची वेळ आली की फाईल सापडत नाही.

"मग निष्ठा म्हणून काही आहे की नाही?" पोस्टातले गृहस्थ विचारतात. आहे ना. पण माणूस कुठून गेला यावरून निष्ठा मोजू नये, गेला तिथं काय केलं यावरून मोजावी. वासिम जाफर मुंबईत पुष्कळ वर्षं खेळून विदर्भात गेला. २०१७-१८ साली विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, आणि त्या दुसऱ्या वर्षी चाळिशीतल्या जाफरनं हजारावर धावा केल्या. दोन्ही वेळा प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. पुढं ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ साली तिथंही रणजी करंडक आणला, तोसुद्धा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून! याला म्हणतात रुजू होणं. नाहीतर इथं येऊन पंधरा दिवसांत वैद्यकीय रजेवर जाणारे आम्ही काय कमी पाहिलेत?

इथं गुरुजी बोलले. म्हणाले, "आमच्याकडे एक गोलंदाज आहे. सातवीत. डावखुरा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भात कापून झालेलं असतं, नाचणी-वरई संपत आलेली असते, आणि वीटभट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते. बिऱ्हाडं भिवंडीकडे, वसईकडे निघतात. मडकी, कोंबड्या, पोरं, सगळ्यांसकट. यांच्या याद्या कुठं छापून येत नाहीत. खेळाडूचा लिलाव होतो आणि पैसे त्याला मिळतात. इथं पैसे आधी मिळून संपलेले असतात आणि हंगामभर ते फेडायचे असतात. पोरगा पावसाच्या तोंडावर परत येतो, तेव्हा मैदानात चिखल असतो. क्रिकेटचा हंगाम म्हणजे त्याचा भट्टीचा हंगाम. तो घरी असतो ते क्रिकेटच्या सुट्टीतच. गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला गुरुजींच्या शाळेचे नऊच खेळाडू उभे राहिले.

"यंदा मीही एक यादी केली," गुरुजी म्हणाले. "ठेवायच्या पोरांची." दसऱ्यापासून ते संध्याकाळी घरोघर फिरत होते. ज्याची आजी घरी राहणार, ज्याचा काका जाणार नाही, अशी घरं शोधायची. आईबापांना म्हणायचं, तुम्ही जा, पोराला ठेवा, दुपारचं जेवण शाळेत आहे, रात्रीचं आजी बघेल. सोळा घरं झाली. पाच पोरं राहिली.

"आणि तो डावखुरा?" पोस्टातल्या गृहस्थांनी विचारलं. भजी हातातच होती.

"राहिला. त्याच्या आजीनं अट घातलीय. सकाळी पाणी भरून मगच शाळेत."

त्या वर्षीच्या सगळ्या याद्या मी वाचल्या होत्या, आणि समीक्षक म्हणून सांगतो, याहून चांगला खेळाडू याहून कमी खर्चात कोणत्याही संघानं राखलेला नाही. तो पोरगा मोठा झाल्यावर आमच्या कचेरीच्या संघासाठी मिळेल का, म्हणून मी तिथल्या तिथं चौकशी केली. पण गुरुजी ना हरकत द्यायला तयार नाहीत. म्हणाले, आधी दहावी होऊ दे.

गुरुजींच्या स्वतःच्या बदलीचं काय, हेही मी विचारलं. अवघड क्षेत्रातली त्यांची वर्षं केव्हाच भरलीत, यादीत नाव आहे. मसुदा तयार आहे, नक्कल करून न्या, म्हटलं. ते म्हणाले, "आणतो कागद एका शनिवारी." अजून आणलेला नाही.