सिंक बटणाविरुद्ध

दुर्बीण चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला शिव्या घालणं सोपं आहे. राखाडी खिडक्या, विंडोज एक्सपीशिवाय कशावरच न चालण्याचा हट्ट, मदतीच्या पानावरच्या मेलेल्या लिंका. आमच्या विद्यापीठाच्या गच्चीवरची दुर्बीण अशाच एका सॉफ्टवेअरवर चालते. फेब्रुवारीत तिचा कॉम्प्युटर बसला तेव्हा मीही ह्याच शिव्या घातल्या. आता वाटतं, नेम चुकला होता.

हार्ड डिस्क बदलली, कपाटातल्या २००४ च्या सीडीवरून एक्सपी टाकलं, वर सॉफ्टवेअर टाकलं, अक्षांश-रेखांश भरले. चाललं. मग मार्चचा दुसरा रविवार आला. इथे अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे गेली, घरी फोन करताना साडेदहाऐवजी साडेनऊ तास धरायचे दिवस सुरू झाले. त्या कॉम्प्युटरला मात्र पत्ताच नाही. डेलाइट सेव्हिंगच्या तारखा २००७ पासून बदलल्यात, २००४ च्या सीडीच्या मते ते एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. एवढ्या जुन्या मशीनला नेटवर्कवर येऊ देत नाहीत, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त होण्याचीही सोय नाही. घड्याळ मागे दिसतंय म्हणून कुणीतरी ते हाताने तासभर पुढे केलं. (कुणीतरी म्हणजे मीच असण्याची दाट शक्यता आहे.)

घोळ इथे झाला. स्क्रीनवरची वेळ बरोबर, पण कॉम्प्युटरच्या लेखी अजून हिवाळाच. यूटीसी काढताना चार तास मिळवायचे, तर त्याने पाच मिळवले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. व्याध दाखव म्हटलं की दुर्बीण त्याच्या पश्चिमेला, शशकात जाऊन थांबायची.

ह्यावर सॉफ्टवेअरचा सल्ला काय? तारा हाताने मधोमध आणा आणि 'सिंक' दाबा. दाबलं. त्याने काहीही विचारलं नाही. अर्ध्या अंशाची चूक आणि १५ अंशांची चूक त्याला सारखीच. अर्धा अंश म्हणजे बसवण्यातला फरक, १५ अंश म्हणजे काहीतरी मुळातच बिघडलंय. एवढं ओळखायला फार अक्कल लागत नाही.

सिंकनंतर प्रत्येक तारा अचूक सापडू लागला. सगळे खूश. आतलं घड्याळ मात्र तसंच चुकलेलं, आणि क्षितिजाची मर्यादा त्याच घड्याळावरून ठरते. पूर्वेला अजून न उगवलेला तारा उगवलाय असं समजून दुर्बीण नळी तिकडे खाली न्यायला तयार. शिवाय प्रत्येक फोटोच्या हेडरमध्ये यूटीसी तासभर पुढचं.

ह्याची किंमत आमच्या एका ज्युनिअरने मोजली. ती ययातीतला अल्गॉल मोजत होती. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. तिच्या आलेखात सगळ्यात मंद क्षण भाकितापेक्षा तासभर उशिरा येत होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे फरक पडतो खरा, पण फार तर आठेक मिनिटांचा. दहा-बारा दिवस ती स्वतःचं गणित तपासत बसली. दुर्बीण तर बरोबर चालतेय, मग चूक आपलीच, असं तिला वाटलं. आम्हालाही तसंच वाटलं, हे जास्त वाईट.

शेवटी कामाला आलं ते सॉफ्टवेअरपेक्षाही जुनं काहीतरी. आमच्या दुर्बिणीला नव्वदच्या दशकातल्या एलएक्स२०० ची भाषा कळते. त्या भाषेतल्या आज्ञा म्हणजे साधी अक्षरं, कुठल्याही टर्मिनलमधून सिरियल पोर्टवर टाइप करता येतात. मार्चअखेर, रात्री आठच्या सुमारास, मी सॉफ्टवेअर बंद केलं आणि टाइप केलं: कोलन, जी, एस, हॅश. म्हणजे, तुझ्या मते नाक्षत्र वेळ काय? साडेसातच्या आसपास यायला हवी होती. ती म्हणाली, साडेआठ.

चार अक्षरांत मिळालेलं हे उत्तर त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य खिडकीत कुठेच नाही. तिथे फक्त स्थानिक वेळ दिसते. यूटीसी बघायचं तर तीन मेनू खाली उतरायचं.

फाइल्समधली वेळ दुरुस्त केल्यावर अल्गॉल जागेवर आला. आता नवा लॅपटॉप आहे, नवं सॉफ्टवेअर आहे, दिसायला देखणं. पहिल्याच रात्री मी मुद्दाम तासभर चुकीची वेळ देऊन सिंक दाबलं. त्यानेही काही विचारलं नाही.