चुकलेल्या भाकिताचे मोल : मानवी शरीरक्रियाविज्ञानाच्या ऑनलाइन संवादी स्वाध्यायाची समीक्षा

प्रस्तावना :

पवना नदीकाठच्या पिंपळे गुरवपासून पिंपरी व आकुर्डी येथील औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये फार दूर नाहीत. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीत स्थापन झाली, तेव्हापासून या परिसराचे औषधनिर्मितीशी नाते जडले आहे. येथील जो विद्यार्थी बी. फार्म. अभ्यासक्रमास प्रवेश घेतो, त्यास पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत मानवी शरीररचना व शरीरक्रियाविज्ञान हा विषय अभ्यासावा लागतो. 2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि या विषयाचा गृहपाठ मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर आला. महाविद्यालये पुन्हा सुरू झाल्यावरही ऑनलाइन स्वाध्यायाचे महत्त्व ओसरलेले नाही. असा स्वाध्याय पूर्ण करणे आणि विषय समजणे यांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संवादी स्वाध्यायाचे स्वरूप :

केंद्र शासनाच्या व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात अमृता विश्व विद्यापीठाने चेतापेशींवरील आभासी प्रयोग उपलब्ध करून दिले आहेत. त्यांत सिद्धांत, कृती, स्वयंमूल्यमापन, आभासी उपकरण व स्वाध्याय असे क्रमवार टप्पे आहेत. हॉजकिन व हक्सले यांनी 1952 मध्ये मांडलेली चेतासंदेशाची गणिती मांडणी विद्यार्थी तेथे स्वतः आकडे बदलून पाहू शकतो. पिअर्सन प्रकाशनसंस्थेचे ‘फिजिओएक्स’ हे जगभर वापरले जाणारे दुसरे उदाहरण होय. त्यातील रक्ताभिसरणाच्या प्रयोगात दोन चंचुपात्रे एका नलिकेने जोडलेली असतात. विद्यार्थ्याने नलिकेची त्रिज्या, लांबी व द्रवाची श्यानता बदलावयाची आणि प्रवाह मोजावयाचा. प्रयोगापूर्वी ‘काय घडेल?’ असा भाकिताचा प्रश्न येतो. पुढे विचारप्रश्न, शेवटी प्रश्नावली आणि त्यानंतर मुद्रित करता येणारा अहवाल अशी योजना आहे.

या रचनेतील सर्वांत मौलिक भाग भाकिताचा आहे. त्रिज्या दुप्पट केल्यास प्रवाह किती होईल, असे विचारले असता ‘दुप्पट’ किंवा क्षेत्रफळाचा विचार करून ‘चौपट’ असे उत्तर देणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पॉइजे यांच्या नियमानुसार प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजेच तो सोळापट होतो. चारपासून सोळापर्यंतच्या या अंतरातच शिक्षण घडते. आपले उत्तर का चुकले, हे ज्याने शोधले त्यास रोहिणिकेच्या किंचित आकुंचनाने रक्तदाब एवढा का वाढतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

मूल्यमापनातील विसंगती :

दुर्दैवाने गुणदानात या चुकीस स्थान नाही. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार सैद्धांतिक विषयाच्या 100 गुणांपैकी 75 गुण सत्रान्त परीक्षेस व 25 अंतर्गत मूल्यमापनास आहेत. या 25 पैकी 15 गुण सत्रांतर्गत चाचण्यांना आणि 10 सातत्यपूर्ण मूल्यमापनास दिले जातात. त्या 10 मधील 4 उपस्थितीला, 3 विद्यार्थी-शिक्षक संवादाला आणि 3 शैक्षणिक उपक्रमांना आहेत. प्रश्नमंजूषा, स्वाध्याय, चर्चासत्र हे सर्व त्या 3 गुणांत वाटून घ्यावयाचे आहे. एवढ्या अल्प गुणांसाठी 60 अथवा 100 अहवाल बारकाईने वाचणे शिक्षकास अवघड जाते. तो ‘पूर्ण’ एवढीच नोंद पाहतो. विद्यार्थीही मग तयार उत्तरे शोधून ती नोंद मिळवतो. यास केवळ विद्यार्थ्यांची अप्रामाणिकता म्हणणे अपुरे ठरेल. जे मोजले जाते तेच तो देत असतो.

संवादी स्वाध्यायाचे गुण येथे नाकारावयाचे नाहीत. यंत्र उत्तर तत्काळ तपासते, प्रयोग कितीही वेळा करू देते आणि चुकणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गासमोर संकोचावे लागत नाही. तथापि पडद्यावरील नलिका आणि जिवंत रोहिणी यांत मूलभूत भेद आहे. पॉइजे यांचा नियम ताठ नलिकेतील संथ व स्थिर प्रवाहास लागू पडतो. रोहिणी लवचीक असते, रक्तप्रवाह स्पंदित असतो आणि शरीर स्वतःचे नियमन करीत असते. झोपलेला मनुष्य उभा राहताच रक्त पायांकडे ओढले जाते, दाबसंवेदी यंत्रणा त्याची दखल घेते व नाडीची गती वाढते. नलिकेकडून असा आपणहून प्रतिसाद मिळत नाही.

व्यवसायाशी संबंध :

या त्रुटीचा परिणाम औषधांच्या दुकानात दिसू शकतो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या पायांना सूज येते. हे औषध रोहिणिका रुंदावते. नीला त्या प्रमाणात रुंदावत नाहीत. परिणामी केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव ऊतींत झिरपतो. ही सूज प्रामुख्याने शरीरात पाणी साठल्यामुळे येत नसल्याने मूत्रल गोळीचा तीवर फारसा उपयोग होत नाही. ‘पाय का सुजले?’ असे विचारणाऱ्या वृद्ध रुग्णास हे मराठीत समजावून सांगणे आणि डॉक्टरांकडे पाठविणे हे औषधनिर्मात्याचे काम आहे. शंभर टक्के गुणांचा अहवाल त्यासाठी पुरेसा नाही.

काही सूचना :

उपलब्ध 3 गुणांतच अर्थपूर्ण बदल शक्य आहे. पहिला गुण प्रयोगापूर्वी लिहिलेल्या सकारण भाकितास द्यावा, मग ते बरोबर असो वा चूक. दुसरा गुण घरी घेतलेल्या मापनास द्यावा. आडवे असताना, उभे राहिल्यावर आणि जिना चढल्यावर मिनिटभर नाडी मोजण्यास घड्याळाखेरीज काही लागत नाही. नाडी व रक्तदाबमापन अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकांत आहेच. आजारी विद्यार्थ्यास जिना चढण्यास सांगू नये आणि नोंदी वर्गात जाहीर करू नयेत. तिसरा गुण भाकीत, पडद्यावरील निष्पत्ती व स्वतःचे मापन यांतील फरकाच्या स्पष्टीकरणास द्यावा. ते पाच ओळींचे आणि विद्यार्थ्यास सोयीच्या भाषेत असावे. इंग्रजी व्याख्या पाठ करता येते, परंतु मराठीत कारण लिहिताना आकलनातील उणीव चटकन उघडी पडते. पाच ओळी वाचणे शिक्षकाच्याही आवाक्यात आहे.

समारोप :

संवादी स्वाध्यायाने विद्यार्थ्यास निर्भयपणे चुकण्याची संधी दिली, परंतु मूल्यमापनाने ती पूर्णत्वाच्या नोंदीखाली झाकून टाकली. आज्ञावली बदलणे महाविद्यालयाच्या हाती नसते, मात्र त्या 3 गुणांची विभागणी शिक्षकास ठरविता येते. पुढील सत्राच्या आरंभी विभागाच्या बैठकीत या विभागणीचा विचार होणे उपयुक्त ठरेल.